पोरांना चांदोलीच्या वेशीवर एक रात्र राहू द्या

प्रति,
मा. क्षेत्र संचालक,
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, कोल्हापूर

विषय : चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर परवडणाऱ्या दरात मुक्कामाच्या साध्या खोल्या उभारण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका मराठी शाळेत गेली एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते. दर वर्षी थंडीत आठवीच्या मुलांना घेऊन जंगलात जाते, कधी दाजीपूरला, कधी चांदोलीला. हे पत्र त्या सहलींमधून आलेलं आहे. ते आपल्या टेबलावर यावं तसंच कोल्हापूर-सांगलीतल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि उद्यानाला लागून असलेल्या गावांनीही वाचावं, म्हणून उघडपणे लिहिते आहे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चव्वेचाळीस मुलं घेऊन चांदोलीला गेलो. कोल्हापूरहून बांबवडे, कोकरूड, आरळा करत मणदूर गाठायचं म्हणजे ऐंशीएक किलोमीटर. रात्रीचा प्रवास मुलांना घेऊन आम्ही करत नाही. पहाटे साडेपाचला गाडी हलली, वाटेत दोघांना गाडी लागली, एकदा चहा-बिस्किटाला थांबलो, आणि नोंदणी वगैरे सगळं आटपून आत शिरेपर्यंत साडेनऊ वाजले. ऊन चांगलं वर आलं होतं. पाणवठ्याजवळ गाडी थांबली तेव्हा सोबतच्या वाटाड्यानं चिखलाकडे बोट दाखवलं. गव्याच्या खुराचा ताजा ठसा होता, माझ्या तळहातापेक्षा मोठा. ठशाच्या खोलगट भागात चिखलातून पाणी अजून हळूहळू झिरपत होतं, काठाची माती ओली आणि धारदार होती. मुलं वाकून वाकून बघत होती. एकानं विचारलं, "दादा, गवा कुठाय?" तो म्हणाला, "उजाडायच्या टायमाला सगळा कळप हितंच हुता. आता सावलीला गेला. पुन्हा दिवस मावळायला येईल."

दिवस मावळायला आम्ही परतीच्या वाटेवर होतो.

एकोणीस वर्षांत हे असंच होत आलंय. जंगल दाखवते ते पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास, आणि नेमके हेच चार तास माझ्या मुलांच्या वाट्याला येत नाहीत. त्यांना मिळतं ते दुपारचं जंगल. झाडं, ऊन, धूळ आणि ठसे. ठसे वाईट नाहीत, मी त्यावर अख्खा तास घेते. पण आठवीतल्या पोराला गवा बघायचा असतो. तो पाण्यातून मान वर करतो, गुडघ्याखालचे पांढरे पाय चिखलानं काळे झालेले असतात, आणि तो आपल्याकडे बघत राहतो तेव्हा आपण श्वास घ्यायचा विसरतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं मूल पुढं कधी जंगलाच्या विरोधात उभं राहणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

मग एक रात्र मुक्काम का करत नाही, असं आपण विचाराल. विचारून बघितलं. त्या भागातल्या एका रिसॉर्टला फोन केला. जेवणासकट माणशी बत्तीसशे रुपये सांगितले. शाळेची मुलं आहेत, काही कमी करता येईल का म्हटलं, तर दोनशे कमी झाले. पोहण्याचा तलाव आणि रेन डान्स त्यातच धरलेला आहे, असंही सांगितलं. मला यातलं काहीच नको होतं. छप्पर, अंथरूण टाकायला जागा, स्वच्छ संडास आणि पहाटे पाचला कुणीतरी दार उघडून देईल, एवढंच हवं होतं. आमच्या सहलीची वर्गणी साडेचारशे रुपये असते आणि तीही दोन हप्त्यांत घेतो. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे वडील शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नाहीतर गॅरेजात काम करतात, आया शिवणकाम किंवा घरकाम करतात. त्यांच्यापुढे तीन हजारांचा आकडा मी उच्चारलासुद्धा नाही.

मी त्या रिसॉर्टला दोष देत नाही. तो त्यांचा धंदा आहे आणि त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे. माझं म्हणणं एवढंच, की राष्ट्रीय उद्यानाला लागून राहण्याची सोय फक्त त्या गिऱ्हाइकाच्या खिशाला बघून ठरू नये. प्रवेश तिकीट परवडतंय म्हणून जंगल सगळ्यांसाठी खुलं आहे असं आपण समजतो. खरं तर जंगल कुणाला दिसणार आणि कुणाला नुसतं ओलांडायला मिळणार, हे रात्रीच्या खाटेच्या दरावर ठरतं.

ही गोष्ट कोल्हापूरकरांना समजावून सांगायची गरज पडू नये. शंभरावर वर्षांपूर्वी या गावानं ती करून दाखवली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं होतं, की खेड्यातल्या पोराला शाळा उघडी असून उपयोग नाही, कारण कोल्हापुरात तो रात्री झोपणार कुठं आणि खाणार काय? म्हणून 1901 पासून त्यांनी वसतिगृहांना हात घातला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी एकामागून एक उभी राहिली. आजही आपण कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतो ते त्यामुळं. त्या बोर्डिंगांत गाद्यागिरद्या नव्हत्या. एक खोली, एक ट्रंक, रांगेत बसून जेवण. पण त्या खोल्यांमधून पिढ्या घडल्या. ज्या दाजीपूरच्या रानात महाराज शिकारीला जात, तेच रान 1958 मध्ये गव्यांसाठी राखीव झालं आणि महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य म्हणून ओळखलं गेलं. आज ते राधानगरी अभयारण्यात आहे. त्याच महाराजांच्या जिल्ह्यातली मुलं मुक्काम परवडत नाही म्हणून जंगलाच्या दारातून दुपारीच परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मला नेमकं काय हवंय ते सांगते.

मी जंगलाच्या आत बांधकाम मागत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात व्यावसायिक पर्यटक निवास बांधायचा तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची आधी परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटन 20 टक्क्यांच्या आत ठेवायचं आणि तिथं पर्यटकांसाठी नवी बांधकामं करायची नाहीत, हे 2012 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. ते अगदी योग्य आहे. चांदोलीचं 317 चौरस किलोमीटरचं रान 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्पात आलं, 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. 2025 मध्ये ताडोब्याची वाघीण आणून तिथं सोडली. अशा रानाच्या मधोमध कुणी दिवे लावून बसावं, असं माझ्यासारखीला कसं वाटेल?

मला हवी आहे ती जागा रानाच्या बाहेर, वेशीवर. गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, म्हणजे बफरमधल्या गावांच्या हद्दीत, मणदूरच्या बाजूला, आणि आमच्या जिल्ह्यातून शाहूवाडी तालुक्यातल्या उदगिरीकडे जाणाऱ्या वाटेवर. गावठाणाला चिकटून, जिथं आधीच रस्ता, वीज आणि पाणी आहे तिथं. एका ठिकाणी आठ खाटांच्या पाच खोल्या, म्हणजे चाळीस जणांची सोय. त्याहून एकही जास्त नको.

खोली कशी असावी हेही डोळ्यासमोर आहे. या पट्ट्यातली जुनी घरं बघा. कारव्यांच्या कुडाच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा, उतरतं कौलारू छप्पर, पुढं पडवी. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर चांगलं पुढं काढलेलं. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार. आज कारव्या तोडायला जंगलात जायचं कारण नाही, शेताच्या बांधावरचा बांबू चालेल. जोतं दगडाचं, कारण वाळवी. आत एकावर एक अशा खाटा, एक लांब फळी दप्तरं ठेवायला, एक सौर दिवा तोही पिवळा आणि मंद. संडास-न्हाणीघर सगळ्या खोल्यांना मिळून एकच, पण दिवसातून दोनदा धुतलेलं. मुलींसाठी वेगळं, आतून कडी लागणारं. हा मुद्दा मी पुन्हा लिहिते : आतून कडी लागणारं. मुलींच्या सहलीला पालक परवानगी देतात की नाही, ते या एका कडीवर ठरतं. अंथरूण-पांघरूण द्यायची गरज नाही, आमच्याकडे घरोघरी वाकळ असते. गरम पाण्याला बंब पुरे. वातानुकूलन नको, टीव्ही नको, वायफाय तर नकोच.

जेवण गावातल्या बायकांच्या बचत गटानं करावं. नाचणीची भाकरी, आमटी, भात, मिरचीचा ठेचा. माझी मुलं घरी हेच खातात आणि शहरातून येणारे हेच खायला पैसे मोजतात. बफरमधल्या गावांसाठी 2015 पासून श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, गावोगावी ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या आहेत. चालवायला आणखी कुठली नवी यंत्रणा उभी करायची गरज नाही, आहे तिलाच हे काम द्यावं आणि मिळकत गावात राहू द्यावी.

खर्चाचं गणित मी शाळेत मुलांकडून सोडवून घेतलं, ते इथं देते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आठ महिने, म्हणजे ढोबळमानानं 240 रात्री. चाळीसपैकी रोज सरासरी वीस खाटा भरल्या तर वर्षाला 4,800. खाटेला 250 रुपये धरले तर 12 लाख. चार माणसांना महिना बारा हजार पगार वर्षभर दिला तर पावणेसहा लाखांच्या आसपास जातात. उरलेल्यातून कौलं फेरणं, रंगरंगोटी, वीज, साफसफाई भागते. जेवणाचा हिशेब बचत गटाचा वेगळा. बांधकामाचा पहिला खर्च मात्र योजनेतून व्हायला हवा, तो खाटेच्या दरावर टाकला तर पुन्हा तेच होईल. शाळेच्या मुलांना सोमवार ते गुरुवार दीडशे रुपयांत द्यावं. नाहीतरी शनिवार-रविवार सोडून त्या खाटा रिकाम्याच राहणार.

आरक्षणाबद्दल एक विनंती आहे. सगळं ऑनलाइन केलं की दोन महिने आधी ज्यांच्या हातात कार्ड आणि वेळ असतो, ते सगळं घेऊन टाकतात. निम्म्या खाटा शाळा, महाविद्यालयं आणि स्थानिक तालुक्यांतल्या लोकांसाठी ठेवाव्यात आणि त्या साध्या फोनवर मिळाव्यात. मलकापूरपर्यंत एसटीनं आणि पुढं वडापच्या जीपनं येणाऱ्या चार कॉलेजच्या पोरांनाही एखादी रात्र मिळायला हवी.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही. आपल्याच राज्यात मेळघाटात सेमाडोहला वन खात्याचं संकुल आहे, तिथं सामूहिक निवासाची सोय आहे. उत्तराखंडात कॉर्बेटमध्ये ढिकाल्याला रामगंगेच्या काठावर 'लॉग हट' म्हणून एकावर एक खाटांचा निवास आहे. ज्यांना विश्रामगृहाची खोली परवडत नाही ते तिथं राहतात आणि सकाळी त्यांनाही तेच हत्ती दिसतात. न्यूझीलंडमध्ये तर सरकारच्या संवर्धन खात्याच्या 950 हून जास्त कुट्या डोंगरदऱ्यांत आहेत. त्यातल्या कितीतरी 1950 च्या दशकापासून हरणांची संख्या आटोक्यात ठेवणाऱ्या सरकारी शिकाऱ्यांसाठी बांधल्या होत्या. सहा खाटांची खोली, बाहेर पाण्याची टाकी आणि संडास. शिकारी गेले, मग त्याच कुट्या पायी भटकणाऱ्यांसाठी थोड्या पैशांत खुल्या झाल्या. आपल्याकडे वनरक्षक ज्या संरक्षण कुट्यांमध्ये राहून रानाची राखण करतात, त्या त्यांच्याच राहायला हव्यात, त्यांना तिथं आणखी चांगल्या सोयी मिळायला हव्यात. पण कमी खर्चात, पावसाला टिकेल अशी खोली सह्याद्रीत कशी बांधायची, हे आपल्या खात्याच्या माणसांना बाहेरून शिकायची गरज नाही.

यावर एक आक्षेप मी दर वेळी ऐकते. स्वस्त केलं की झुंबड उडेल, बाटल्या पडतील, गाणी वाजतील. ही भीती खोटी नाही. आंबा घाटात आणि पन्हाळ्यावर रविवारी संध्याकाळी काय अवस्था असते, ते आपण सगळे बघतो. पण गर्दी किती होणार हे खाटांच्या संख्येवर ठरतं, दरावर नाही. चाळीस खाटा असतील तर चाळीसच माणसं राहतील, मग ती अडीचशे देणारी असोत की पाच हजार. आणि ज्याच्या खिशात पैसे जास्त तो रानात गप्प बसतो, असा माझा अनुभव नाही. नियम कडक ठेवा. दारू नाही, स्पीकर नाही, रात्री नऊनंतर दिवे बंद. पहिल्यांदा मोडला तर त्याच रात्री बाहेर आणि पुन्हा कधी आरक्षण नाही. शाळेची चाळीस मुलं नऊ वाजता झोपवायची कशी, ते आमच्यावर सोडा.

ती झोपणार नाहीत, हे मला माहीत आहे. मी पण झोपले नव्हते. बी.एस्सी.ला असताना आम्ही सहा मुली आणि एक मॅडम दाजीपूरजवळ ओलवणला एका घरी सोप्यात राहिलो होतो. अंगावर घोंगडी, उशाला बॅग. रात्री कधीतरी रातवा ओरडायला लागला, एका जागी बसून ठोके दिल्यासारखा, चक-चक-चक. मग लांबून भेकराचं भुंकणं आलं. मॅडम अंधारातच म्हणाल्या, "ऐका, त्याला कुणीतरी दिसलंय." सातही जणी उठून बसलो. कुणीच काही बोललं नाही. पुस्तकात 'भक्ष्य-भक्षक संबंध' हा धडा मी तेव्हा शिकवत नव्हते, पण तो मला त्या सोप्यात कळला. पहाटे सावराई सड्यावर धुक्यात गव्यांचा कळप उभा होता. त्या घरच्या आजींनी निघताना आमच्याकडून माणशी वीस रुपये घेतले आणि वाटेत खायला भाकरी बांधून दिली. मी विज्ञानाची शिक्षिका झाले त्यात त्या वीस रुपयांचा वाटा मोठा आहे.

अजून एक सांगायचं आहे, ते सांगावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. हातकणंगले तालुक्यातल्या एका पुनर्वसन वसाहतीत तिचे आजी-आजोबा राहतात. गाडी चांदोलीच्या फाटकातून आत गेली तशी ती खिडकीला चिकटून बसली. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "आज्याचं गाव आत हाय. झोळंबीच्या पल्याड. आंब्याचं झाड हाय म्हणला, त्याच्याखाली घर हुतं." उद्यानासाठी उठलेल्या गावांतली ही तिसरी पिढी. आम्ही त्या बाजूला जाऊ शकलो नाही, वेळच नव्हता. परतताना ती काही बोलली नाही. घरी गेल्यावर आज्याला काय सांगितलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. वाघांसाठी ज्यांनी घरं सोडली, त्यांच्या नातवंडांना त्या रानाच्या वेशीवर एक रात्र पैसे न देता राहता यावं, अशी तरतूद आपण करावी. ही माझी वेगळी आणि सगळ्यात कळकळीची मागणी आहे. त्यासाठी वर्षाकाठी फार खाटा लागणार नाहीत.

दाजीपूरकडेही असंच काही करता येईल. राधानगरी, फोंड्याच्या बाजूनं एसटीची सोय आहे आणि गावातली घरं अजूनही पाहुण्यांची सवय असलेली आहेत. पण आधी चांदोलीला एक ठिकाण उभं राहू दे. तिथं काय जमतं, काय नाही ते बघून पुढं जाता येईल.

जागा बघायला, गावात बसून बोलायला, शाळांची यादी करायला मी आणि माझ्यासारखे काही शिक्षक कुठल्याही रविवारी यायला तयार आहोत. येत्या थंडीपर्यंत एक जरी खोली उभी राहिली, तरी पहिली आठ मुलं आमच्या शाळेची असतील. वाकळा आम्ही आणू. पहाटे पाचला दार उघडायला तेवढं कुणीतरी ठेवा.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका,
कोल्हापूर